गॅलेना : शिशाच्या खाणींतील स्फटिक

दहा सेंटिमीटर बाजूचा गॅलेनाचा घन प्रथमच उचलणाऱ्याला, तेवढ्याच गारगोटीच्या अनुभवावरून मनाशी बांधलेला वजनाचा अंदाज तत्काळ सोडून द्यावा लागतो. कारण ह्या खनिजाचे विशिष्ट गुरुत्व साडेसातच्या आसपास असल्यामुळे असा घन साडेसात किलोग्रॅम भरतो, आणि त्यांपैकी साडेसहा किलोग्रॅम निव्वळ शिसे असून उरलेला एक किलोग्रॅम गंधक असतो. रंग करडा, ताज्या पृष्ठाची चकाकी रुप्याची, कडा सरळ, कोपरे काटकोनी, आणि हे सर्व कोणत्याही कारागिराचा हात न लागता. छापखान्यातील खिळे, बंदुकीच्या गोळ्या, रोमन नगरांतील पाण्याचे नळ आणि आजच्या मोटारीतील विद्युत्‌घट ह्यांसाठी मनुष्याने जे शिसे आजवर वितळविले, त्याचा फार मोठा हिस्सा ह्याच एका खनिजातून आलेला आहे.

म्हणून संग्राहकाच्या कपाटात मखमलीवर विराजमान झालेला गॅलेनाचा प्रत्येक स्फटिक हा मुळात एखाद्या शिशाच्या खाणीतील कच्चा माल होता, ही गोष्ट विसरून चालत नाही. खाणीच्या दप्तरात त्याचा हिशेब टनावर आणि शेकडेवारीवर होतो. संग्राहकाच्या वहीत तोच जिन्नस एकेका नगाने नोंदला जातो. पहिल्या दप्तरात त्याच्या आकाराला काडीचे मोल नाही, आणि दुसऱ्यात शिशाचा बाजारभाव कोणी विचारीत नाही. परंतु ह्या दोन दप्तरांपैकी एक मिटवून दुसरे वाचू पाहणारा मनुष्य अर्ध्याच ज्ञानाचा धनी होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि गॅलेनाच्या संग्रहाविषयी जे काही सांगण्यासारखे आहे ते बहुतेक सर्व ह्या दोन दप्तरांच्या परस्परसंबंधातच दडलेले आहे.

प्रथम त्याच्या आकाराचा विचार करू. गॅलेनात शिशाचे आणि गंधकाचे अणू तिन्ही दिशांनी एकाआड एक अशा रीतीने मांडलेले असतात, आणि ही मांडणी आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या मांडणीहून वेगळी नाही. तिन्ही काटकोनी दिशांना समांतर अशा पातळ्यांवर अणूंची परस्परांवरील पकड शिथिल असल्यामुळे हातोडीचा हलका आघात झाला तरी गॅलेना घनाकार तुकड्यांतच फुटतो, ते तुकडे पुन्हा लहान घनांत फुटतात, आणि हा क्रम भिंगाखालीही चालू राहिलेला दिसतो. खनिजशास्त्रात ह्या गुणाला पाटन म्हणतात. नवशिक्या खरेदीदाराची फसगत बहुधा येथेच होते. कारण मोठ्या ढेकळातून फोडून काढलेला चकचकीत घन आणि विवरात स्वतंत्रपणे वाढलेला स्फटिक हे पहिल्या दृष्टीला सारखेच वाटतात. परंतु फुटून निघालेल्या पृष्ठावर बारीक पायऱ्या दिसतात आणि त्याची चकाकी अतिशय ताजी असते, तर नैसर्गिक वाढीच्या पृष्ठावर पुष्कळदा किंचित मंदपणा, वाढीच्या रेषा किंवा दुसऱ्या एखाद्या खनिजाचे कण चिकटलेले आढळतात. पहिल्याची किंमत शाळेतील प्रात्यक्षिकापुरती. दुसऱ्याची किंमत संग्रहाची.

घन हे गॅलेनाचे सर्वांत परिचित रूप असले तरी एकमेव नव्हे. कोठे आठ त्रिकोणी पृष्ठांचे अष्टफलक सापडते. कोठे घनाचे आठही कोपरे छाटून त्यांच्या जागी त्रिकोण बसविल्याप्रमाणे घन आणि अष्टफलक ह्यांचा संकर झालेला दिसतो. तर कोठे दोन स्फटिक एका समाईक पातळीवर उलटसुलट जोडले जाऊन चपटे यमल स्फटिक निर्माण होतात. द्रवात शिशाचा पुरवठा अतिरिक्त झाला म्हणजे कडा भराभर पुढे जातात आणि पृष्ठांचे मध्यभाग मागे राहतात, त्यामुळे खळगे पडलेले, सांगाड्यासारखे स्फटिक तयार होतात. आणि परिस्थिती पालटून तोच द्रव स्फटिकाला पुन्हा विरघळवू लागला म्हणजे कडा आणि कोपरे झिजून तो गोलसर होतो. अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या व्हायबर्नम पट्ट्यात तर ह्या रूपांतराचा क्रमच खडकात लिहून ठेवलेला आहे : तेथे अगोदरच्या काळात वाढलेला गॅलेना अष्टफलकी किंवा मिश्ररूपी असतो, आणि त्यानंतरच्या काळातील घनाकार. एकाच खाणीतील दोन नमुने शेजारी ठेवले असता खनिजद्रवाच्या स्वभावात पडत गेलेला फरक डोळ्यांनी पाहता येतो, हा लाभ थोड्याच खनिजांच्या बाबतीत मिळतो.

मिसूरीतील ह्या निक्षेपांची उत्पत्तीही समजून घेण्यासारखी आहे. तेथे ज्वालामुखीचा किंवा तप्त शिलारसाचा प्रत्यक्ष संबंध नाही. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या थरांतून अतिखारट पाणी सुमारे शंभर अंश सेल्सियसच्या आगेमागे तापून शेकडो किलोमीटर प्रवास करीत आले. वाटेत त्याने खडकांतील शिसे आणि जस्त क्लोराइडाच्या आश्रयाने आपल्यात ओढून घेतले. आणि डोलोमाइटाच्या सच्छिद्र थरात जेथे त्याची गाठ गंधकयुक्त वायूशी पडली तेथे शिसे गंधकाशी संयोग पावून गॅलेनाच्या रूपाने खाली बसले. खडकात पोकळी असेल तर स्फटिकाला सर्व बाजूंनी मोकळे वाढता येते. पोकळी नसेल तर खनिज तेवढेच तयार होते, पण त्याचा आकार शेजाऱ्यांच्या दाटीत हरवून जातो. उत्तम नमुन्यासाठी शिशाच्या विपुलतेपेक्षा रिकामी जागा अधिक आवश्यक असते.

भारतात शिशाच्या फार मोठ्या खाणी असूनही जगाच्या संग्रहालयांत भारतीय गॅलेनाचे स्फटिक प्रसिद्धीस का आले नाहीत, ह्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. राजस्थानातील जावर, राजपुरा-दरीबा आणि रामपुरा-आगुचा येथील शिसे व जस्त ह्यांचे निक्षेप अब्जावधी वर्षांपूर्वीच्या खडकांत आहेत. त्या खडकांनी नंतरच्या काळात प्रचंड दाब आणि उष्णता सोसली आहे, आणि त्या ओघात मुळात ज्या काही पोकळ्या असतील त्या दबून गेल्या, खनिज पुन्हा पुन्हा घडले, आणि शेवटी उरला तो कणाकणांनी गच्च भरलेला, धातूच्या दृष्टीने संपन्न परंतु आकाराच्या दृष्टीने मुका असा खडक. ह्याच्या उलट आपल्या महाराष्ट्रातील काळ्या पाषाणात शिसे नावालाही नाही म्हटले तरी चालेल, पण तप्त लाव्ह्यातील वायूंनी मागे सोडलेली असंख्य विवरे आहेत. आणि म्हणून जळगाव, नाशिक, पुणे ह्या भागांतील दगडाच्या खाणींतून व विहिरींच्या खोदाईतून निघणारे ॲपोफायलाइट, स्टिलबाइट आणि त्यांचे सोबती जगभरच्या संग्राहकांना परिचित झाले. भोर घाटातून लोहमार्ग काढताना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जे कातळ फोडले गेले, त्यांतील स्फटिक त्याच काळात विलायतेच्या संग्रहांत पोहोचले होते. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहून आलेल्या वाचकाला पोकळीचे हे महत्त्व निराळे समजावून सांगावयास नको.

परंतु जावरचे महत्त्व स्फटिकांवर मोजू नये. उदयपूरच्या दक्षिणेस अरवलीच्या डोंगरांत असलेल्या ह्या खाणींत इसवी सनापूर्वीच्या काळापासून काम चालल्याचे पुरावे जुन्या भुयारांतील लाकडांच्या कालमापनावरून मिळाले आहेत. महाराणा लाखाच्या कारकिर्दीत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर, ह्या खाणींनी मेवाडच्या खजिन्यात भर घातली असे राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडने नमूद केले आहे. गॅलेनाचा सोबती जो स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचे खनिज, त्यापासून जस्त काढणे हे सोपे काम नव्हते. कारण भट्टीच्या उष्णतेत जस्ताची वाफ होते आणि ती हवेशी संयोग पावून हातची निघून जाते. जावरच्या कारागिरांनी ह्यावर जो उपाय योजला तो पाहून आजचा धातुशास्त्रज्ञही आदराने थबकतो : वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींत खनिज भरून त्या छिद्रयुक्त पट्ट्यांवर उलट्या उभ्या करावयाच्या, वरून उष्णता द्यावयाची आणि खाली थंड कप्प्यात उतरलेली वाफ द्रवरूपाने गोळा करावयाची. एकेका भट्टीत अशा ३६ मुशी बसत. रसरत्नसमुच्चय ह्या रसशास्त्रीय ग्रंथात वृंताकमूषेचे, म्हणजे वांग्याच्या आकाराच्या मुशीचे, वर्णन आले आहे, आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ब्रिटिश म्यूझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक ह्यांच्या संयुक्त उत्खननात प्रत्यक्ष भट्ट्याच जमिनीतून वर आल्या. ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट १७३८ साली घेतले. त्याच्या कित्येक शतके आधी जावरच्या डोंगरात हा उद्योग कारखान्याच्या प्रमाणावर चालू होता. वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग आजही तेथे उभे आहेत आणि जुन्या घरांच्या भिंती त्याच मुशी रचून बांधलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओस पडलेल्या ह्या खाणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा उघडल्या गेल्या, आणि १९६६ पासून त्यांचा कारभार हिंदुस्तान झिंककडे आला. स्फटिकाच्या अभावी जावरच्या गॅलेनाला परदेशी कपाटात जागा मिळाली नसेल. पण त्याचा एक ओबडधोबड तुकडा, सोबत मुशीचे एक खापर, ही जोडी माझ्या मते कोणत्याही आरशासारख्या घनापेक्षा अधिक बोलकी आहे.

गॅलेनाने इतिहासाला दिलेली दुसरी देणगी म्हणजे रुपे. पुष्कळ ठिकाणच्या गॅलेनात अल्पांशाने चांदी असते; शिसे वितळवून सच्छिद्र मुशीत हवेच्या झोताखाली तापवीत ठेवले म्हणजे शिशाचे मुरदाडशिंग, म्हणजे ऑक्साइड, बनून ते मुशीत जिरते आणि अखेर चांदीचा गोळा उरतो. अथेन्सजवळील लॉरियनच्या खाणींत इसवी सनापूर्वी ४८३ च्या सुमारास अशा खनिजाचा नवा थर लागला तेव्हा ती संपत्ती नागरिकांत वाटून टाकावी असा विचार चालला होता. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीझ ह्याने तो पालटवून तीतून लढाऊ नौका बांधविल्या, आणि तीनच वर्षांनी सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला. त्या भुयारांतून खनिज काढणारे हात गुलामांचे होते, हेही त्याच हिशेबात लिहिले पाहिजे.

गुलामगिरी संपली तरी शिशाच्या खाणीतील आयुष्य सुखाचे झाले नाही. इंग्लंडच्या उत्तर पेनाइन डोंगरांतील वीअरडेल आणि त्याच्या आसपासची खोरी एकोणिसाव्या शतकात शिशाच्या उद्योगावर जगत होती. तेथील कामगार चारसहा जणांची टोळी करून दर तिमाहीला मालकाशी मक्ता ठरवीत. खनिजाच्या ठराविक मापामागे दर मिळे, आणि शीर निकृष्ट निघाली तर तीन महिन्यांची मेहनत वाया जाई. घर दूर असल्यामुळे आठवडाभर ते खाणीजवळच्या कोंदट निवाऱ्यात दाटीवाटीने झोपत, आणि धुळीने त्यांची फुप्फुसे अकाली निकामी होत. १८६० नंतरच्या दशकात सरकारी आयोगाने ह्या स्थितीची रीतसर चौकशी केली होती. अशा ह्या माणसांनी शिरेतल्या पोकळ्यांत सापडलेले फ्ल्युओराइटाचे जांभळे-हिरवे घन, गारगोटीचे सुळके आणि त्यांत मधूनमधून गॅलेनाचे चकाकणारे स्फटिक घरी नेऊन लाकडी पेट्यांत त्यांची आरास केली : काचेच्या आत गुहा, रस्ते, मेणबत्त्यांची योजना, मागे आरसे. ह्या पेट्यांच्या स्पर्धा भरत आणि किलहोपच्या खाणसंग्रहालयाने त्यांचा मोठा संग्रह केला. फ्ल्युओराइट त्या काळी टाकाऊ मानले जाई, म्हणून ते मुबलक वापरता येई. गॅलेना मात्र मजुरीच्या मापात जाणारा जिन्नस होता. पेटीत बसविलेला गॅलेनाचा प्रत्येक स्फटिक म्हणजे कामगाराने स्वतःच्या मजुरीतून सोडलेला हिस्सा. सौंदर्याची ओढ ही केवळ सुखवस्तू माणसाची मिरास नव्हे, ह्याचा ह्याहून सबळ दाखला मला माहीत नाही.

आता अमेरिकेकडे वळू, कारण गॅलेनाच्या संग्राहकांचे जे मोठे माहेरघर, ते मिसूरी, कॅन्सस आणि ओक्लाहोमा ह्या तीन राज्यांच्या सीमा जेथे मिळतात त्या मुलखात होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे सव्वाशे वर्षे तेथे शिसे आणि जस्त निघत राहिले. जॉप्लिन ही त्या मुलखाची राजधानी; कॅन्ससमधील एका खाणगावाचे तर नावच गॅलेना. चकमकीच्या जातीच्या फुटक्या खडकातील पोकळ्यांत तेथे गॅलेनाचे जाड घन, त्यांवर तांबूस-काळे स्फॅलेराइट, चॅल्कोपायराइटाचे पितळी ठिपके, गुलाबी डोलोमाइटाचे वक्र स्फटिक आणि कॅल्साइटाचे मोठमोठे पिवळे सुळके असा समुच्चय सापडे. जगातील बहुतेक जुन्या संग्रहालयांत ह्या मुलखाचा निदान एक तरी नमुना असतोच. ओक्लाहोमातील पिचर येथे १९१३ साली समृद्ध थर लागला. जमीन क्वापॉ ह्या आदिवासी राष्ट्राची होती. परंतु अनेक क्वापॉ मालकांना आपला व्यवहार सांभाळण्यास असमर्थ ठरवून त्यांच्या जमिनींचे भाडेपट्टे सरकारी खात्याने खाणवाल्यांना करून दिले. १९२६ च्या सुमारास पिचरची वस्ती चौदा हजारांवर गेली होती. दोन महायुद्धांत झाडलेल्या गोळ्यांचे शिसे मोठ्या प्रमाणावर ह्याच भुयारांतून गेले.

गेल्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस खाणी बंद पडल्या आणि पाण्याचा उपसा थांबला. खनिज दळून उरलेल्या खडीचे डोंगर गावाच्या मधोमध उभे होते; मुले त्यांवर खेळत, घसरगुंड्या करीत, आणि तीच खडी अंगणांत व रस्त्यांवर पसरलेली असे. १९७९ साली भुयारांत भरलेले आम्लयुक्त तांबडे पाणी टार क्रीक नावाच्या ओढ्यात वर आले, आणि १९८३ साली हा प्रदेश राष्ट्रीय पातळीवरील अत्यंत दूषित स्थळांच्या यादीत दाखल झाला. पुढच्या दशकात पिचरच्या मुलांची रक्ततपासणी झाली तेव्हा सुमारे एकतृतीयांश मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या मर्यादेवर आढळले. २००६ साली गावाखालची भुयारे कोसळण्याचा धोका सरकारी पाहणीत स्पष्ट झाला; घरे विकत घेऊन लोकांना हलविणे सुरू झाले; मे २००८ मध्ये टॉर्नेडोने उरलेसुरले गाव झोडपले; आणि सप्टेंबर २००९ मध्ये पिचरची नगरपालिका विसर्जित करण्यात आली. ज्या क्वापॉंची जमीन होती त्यांनीच पुढे त्या प्रदेशाच्या शुद्धीकरणाचे काम आपल्या अंगावर घेतले. पिचरचा गॅलेना हातात घेऊन त्याच्या चकाकीची वाखाणणी करणाऱ्या माणसाने हा तपशील ठाऊक करून घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे. सौंदर्याला त्यामुळे उणेपणा येत नाही, उलट त्या वस्तूचे पूर्ण वजन तेव्हाच कळते.

त्यामानाने इतर ठिकाणांचा उल्लेख थोडक्यात आटोपता येईल. रशियाच्या अतिपूर्वेस व्लादिवोस्तोकपलीकडील दाल्नेगोर्स्क, ज्याचे जुने नाव तेत्यूहे होते आणि जेथील खाण-उद्योगाची पायाभरणी चित्रपट-अभिनेता यूल ब्रिनर ह्याच्या आजोबांनी केली, तेथून मोठे, चपटे यमल स्फटिक आणि कडा विरघळून गोलसर झालेले घन येतात; सोव्हिएत राजवट ढासळू लागल्यावर ते पाश्चात्त्य बाजारात विपुल दिसू लागले. बल्गेरियातील ऱ्होडोपी पर्वतात मादान हे गाव आहे. तेथील गॅलेनाचे पातळ, सांगाड्यासारखे यमल स्फटिक कोणाही अभ्यासकाला दुरून ओळखू यावेत इतके वैशिष्ट्यपूर्ण असतात. कोसोव्होतील त्रेप्चा, जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतामधील नॉयडॉर्फ ही नावेही जाणकारांच्या तोंडी असतात. मेक्सिकोतील नायका ही खाण तर शिसे, जस्त आणि चांदी ह्यांसाठी खोदली जात असताना २००० साली कामगारांना जिप्समाच्या अकराबारा मीटर लांबीच्या स्फटिकांची गुहा सापडली. तीत अठ्ठावन्न अंशांची उष्णता होती. तळातील पाण्याचा उपसा थांबल्यावर ती गुहा पुन्हा पाण्याखाली गेली.

नमुना खाणीबाहेर येतो कसा, हा प्रश्न उरतोच. सुरुंगाच्या एका बारात टनावारी खनिज कोसळते, आणि गॅलेनाची कठिनता जेमतेम अडीच, शिवाय पाटन तीन दिशांनी परिपूर्ण. तेव्हा त्या हादऱ्यात बहुतेक स्फटिकांचे तुकडे होतात आणि ते सारे दळणयंत्राकडे जातात. एखादी पोकळी बाराच्या कडेला शाबूत राहिली, कामगाराच्या दिव्याच्या उजेडात ती चकाकली, त्याला तेवढी सवड मिळाली आणि मुकादमाची दृष्टी दुसरीकडे असली, तरच तो नमुना कापडात गुंडाळून जेवणाच्या डब्यातून वर येतो. पुष्कळ खाणींत अशा वस्तू नेण्यास सक्त मनाई असे व आहे. काही कंपन्या मात्र पोकळी लागली की जाणकाराला बोलावून नमुने व्यवस्थित काढू देतात, आणि हाच शहाणपणाचा मार्ग होय. काही टनांच्या उत्पादनात एक दगड कमी झाल्याने कोणतीही खाण बुडत नाही, पण यंत्रात गेलेला स्फटिक मात्र कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. खाण बंद झाली आणि पाण्याने भरली की त्या ठिकाणच्या नमुन्यांची संख्या कायमची ठरून जाते.

विज्ञानाच्या इतिहासातही गॅलेनाला मानाचे स्थान आहे. फर्डिनांड ब्राउन ह्याने १८७४ साली दाखविले की गॅलेनासारख्या धातुगंधकाच्या स्फटिकाला तारेचे टोक टेकवले असता विजेचा प्रवाह एका दिशेने सुलभ आणि उलट दिशेने दुर्घट वाहतो. आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनी विद्युत्‌लहरी टिपण्यासाठी गॅलेनाचा उपयोग केला. त्यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले. पुढे रेडिओच्या बाल्यावस्थेत गॅलेनाचा खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार एवढ्या सामग्रीवर, विजेच्या पुरवठ्याशिवाय, असंख्य घरांत दूरचे संगीत ऐकू आले.

ह्याहूनही खोल असा उपयोग भूविज्ञानात झाला. शिशाच्या चार स्थिर समस्थानिकांपैकी तीन युरेनियम आणि थोरियम ह्यांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून सतत वाढत असतात, चौथा आदिकालापासून तेवढाच आहे. गॅलेनात युरेनियम जवळजवळ नसल्यामुळे, ज्या दिवशी तो स्फटिक बनला त्या दिवशीचे ह्या चौघांचे प्रमाण त्यात गोठून राहते. अशा धातुकांच्या मापनांवरून आर्थर होम्सने १९४६ साली पृथ्वीचे वय सुमारे तीन अब्ज वर्षे काढले. त्याच तत्त्वाला अशनींतील शिशाची जोड देऊन क्लेअर पॅटरसनने १९५६ साली साडेचार अब्जांहून थोडा अधिक असा आज मान्य असलेला आकडा प्रसिद्ध केला. जॉप्लिनच्या गॅलेनाने मात्र हिशेबनिसांना चकविले : त्यातील किरणोत्सर्गजन्य शिसे इतके जास्त आहे की साध्या सूत्राने त्याचे वय ऋण येते, म्हणजे तो अजून जन्मावयाचा आहे असे निघते. युरेनियमाने समृद्ध अशा खडकांतून फिरत आलेल्या पाण्याने ते शिसे आणले, हे त्याचे स्पष्टीकरण. आणि अशा शिशाला जॉप्लिनवरूनच नाव पडले आहे. अथेन्सच्या नाण्यांतील चांदी लॉरियनची, हेही ह्याच समस्थानिकांच्या पडताळ्याने सिद्ध करता येते.

संग्राहकाने काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गॅलेना पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसता हाताळल्याने अपाय होत नाही. भय आहे ते त्याच्या भुकटीचे. म्हणून तो कोरडा घासू वा कापू नये, हाताळल्यावर हात धुवावेत, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये. तो आम्लात स्वच्छ करण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. कोकणासारख्या दमट हवेत त्याची चकाकी हळूहळू मंदावते, आणि शेजारी मार्कासाइट असेल तर त्यातून झिरपणारे आम्ल सारा नमुना पोखरते. तेव्हा कपाट कोरडे राखावे. आणि जाता जाता एक कळकळीची सूचना : बाजारात मिळणारा सुरमा पुष्कळदा गॅलेनाचीच भुकटी असतो, आणि त्यामुळे मुलांना शिशाची बाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. परंपरा कितीही जुनी असली तरी हा पदार्थ मुलांच्या डोळ्यांत घालू नये.

नमुन्याबरोबरची चिठ्ठी ही त्या नमुन्याइतकीच जपण्याची वस्तू आहे. खाणीचे नाव, भुयाराची पातळी, काढल्याचे वर्ष, कोणाकडून कोणाकडे आला ह्याची नोंद : एवढ्यावर तो दगड मिसूरीचा, मादानचा किंवा वीअरडेलचा ठरतो, आणि तेवढी चिठ्ठी हरवली की तो निव्वळ बेवारस शोभेची वस्तू होतो. समस्थानिकांची परीक्षा करून खनिजपट्टा कदाचित सांगता येईल, पण ती खर्चाची बाब आहे, आणि भुयार व वर्ष तीही सांगू शकत नाही. आपल्याकडील जुन्या महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांत पुष्कळ ठिकाणी अशी लाकडी कपाटे आहेत, ज्यांतील नमुन्यांवरच्या हस्तलिखित चिठ्ठ्यांची शाई उडू लागली आहे आणि कागदाला कसर लागली आहे. विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी एकेक खण घेऊन त्या चिठ्ठ्या आहेत तशाच, चुकांसकट, वहीत उतरवून घ्याव्यात, नमुन्यावर क्रमांक घालावा, आणि मूळ कागद टाकून न देता पाकिटात ठेवावा. जावरच्या एखाद्या तुकड्याची जुनी नोंद तेथे सापडली तर तिची एक प्रत उदयपूरलाही पाठवावी.